उजव्या स्पीकरचा मामा

मामा डक्टवर घोड्यावर बसावं तसा बसला होता आणि मोगरीने पत्र्याची कड ठोकत पुढे पुढे सरकत होता. त्याचं ठोकणं म्हणजे नुसतं ठाक ठाक नाही. दोन ठोके, मग एक गाळायचा, मग तीन पटापट, मग मोगरी उलटी करून दांड्याने एक टिक. शटरपाशी तीन पोरं येऊन उभी होती. एकाच्या पाठीवर गिटार, एकाच्या हाताला प्लास्टर, आणि तिसरा नुसताच उंच. मामाने त्यांना बघितलं होतं. मला कळलं, कारण तो एकदम जास्तच भाव खायला लागला. डोळे काय मिटले, मान काय हलवली.

"काका, जरा बोलायचं होतं," गिटारवाला म्हणाला. जाड काचांचा चष्मा, त्यामुळे पुढे आम्ही त्याला चष्मिसच म्हणायला लागलो.

"कड बसल्याशिवाय मी बोलत नाही," मामा म्हणाला. म्हणजे बोललाच की.

डक्ट म्हणजे पत्र्याचे मोठे चौकोनी बोगदे. ऑफिसात, हॉस्पिटलात छताच्या वर असतात, त्यातून गार हवा जाते. तुम्ही खाली बसून हवा खाता, वर कोणी बघत नाही. ते आम्ही बनवतो. मी पत्र्याची कड दुमडायचं मशीन चालवते आणि मामा ती कड एकात एक अडकवून ठोकून बसवतो. नववीत मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला. हिचं आता काय होणार, हिला कोण विचारणार, वगैरे. मामाने एकच प्रश्न विचारला. "पत्रा उचलताना हातमोजे घालशील ना?" मी म्हटलं, घालेन. "मग उद्यापासून ये." त्या दिवसापासून माझ्या मामाला कोणी काही बोललं तर मी ऐकून घेत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कोणाला काय बोलले त्याचं आश्चर्य नको.

तर पोरं. उंच पोराचा बाप कंत्राटदार. तो एकदा बापाबरोबर माप द्यायला आला होता आणि मामाचं ठोकणं ऐकून गेला होता. ते त्याने ओळखलं. कारण ते एका जुन्या रेकॉर्डवरचं होतं, आणि हे तिघं नेमकी तीच रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सभागृहात वाजवणार होते. पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधीची रेकॉर्ड. आफ्रिकेतले ठेके, लॅटिन लोकांचे ठेके आणि वरून रॉकचा दणका, असं सगळं एका भांड्यात. त्यात कमरेएवढे उभे ढोल असतात, हाताने वाजवायचे, त्यांना कोंगा म्हणतात. त्यांचा कोंगावाला स्कूटरवरून पडला. प्लास्टर त्याचंच.

"तुम्ही वाजवता ना कोंगा?" चष्मिसने विचारलं.

मामा डक्टवरून उतरला, हात पुसले, आणि म्हणाला, "वाजवतो का? अरे, मी स्वतः बनवलेत."

खरं होतं. जाड पत्रा गोल वाकवून, रिव्हेट मारून त्याने दोन कोंगा बनवले होते, वर चामडं ताणून. लाकडाच्या कोंगाचा आवाज गोल येतो म्हणतात. मामाच्या कोंगाचा आवाज कान टोचून आत जातो.

"आणि ती रेकॉर्ड मला पाठ आहे," मामा म्हणाला. "मधली खरखरसुद्धा."

आता इथे रेकॉर्डची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

मामाला एक मोठा भाऊ आहे, माझा मोठा मामा. त्याचं कुलपांचं दुकान आहे. माणूस आयुष्यभर कुलपं विकतो, अजून काय सांगू. दोघं एकत्र राहायचे तेव्हा पहिल्या पगारात दोघांनी मिळून एक रेकॉर्ड प्लेयर घेतला, दोन स्पीकरवाला. आणि ही एक रेकॉर्ड. मग लग्नं झाली, भांडी वाजली, वाटण्या झाल्या. कपाट एकाला, पलंग एकाला. प्लेयर मामाला मिळाला, त्याबदल्यात मोठ्याला शिलाई मशीन. इथवर ठीक होतं. पण मोठा मामा म्हणाला, स्पीकर दोन आहेत, भाऊ दोन आहेत. एक माझा. मामा म्हणाला, अरे दादा, नुसता स्पीकर घेऊन काय करशील? तो म्हणाला, काहीही करेन. आई सांगते, त्या दिवशी रेकॉर्ड कापता आली असती तर त्यांनी तीही कापून घेतली असती.

मोठ्या मामाने काय केलं? स्पीकरवर झाडाची कुंडी ठेवली.

आणि मामा तीस वर्षं एका स्पीकरवर ऐकत राहिला. उजव्या. पण त्या काळच्या रेकॉर्डची एक गंमत असते, ती आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. अर्धी वाद्यं एका स्पीकरात, अर्धी दुसऱ्यात. उजव्यात ढोल, घंटा, खुळखुळे, थोडं गाणं. डाव्यात गिटार. आमच्या घरात गिटार नव्हतीच. मागे लांब कुठेतरी एक डास गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं, बस. रेकॉर्डच्या कव्हरवर एक लाल पक्षी, मागे मुंगीएवढ्या अक्षरात परदेशी मजकूर. तो कोण वाचतो!

म्हणजे मामाला वाटायचं, ही ढोलांची रेकॉर्ड आहे. एकदा सलूनमध्ये दाढी करताना त्याने तीच गाणी ऐकली तर अर्धी दाढी ठेवून चिडून घरी आला. मामीला म्हणाला, "कोणीतरी आपल्या रेकॉर्डवर गिटार चढवलीय. चांगल्या रंगवलेल्या भिंतीवर पोस्टर चिकटवावं तशी." त्या सलूनमध्ये परत गेला नाही.

आणि खरी मजा पुढे आहे. रेकॉर्डवरचे ढोल वाजतात, वाजतात आणि मध्येच हलके होतात. नुसता एक खुळखुळा चालू राहतो. मामा म्हणायचा, "तो माणूस का थांबतो माहितीये? माझ्यासाठी थांबतो. म्हणतो, मी बोललो, आता तू बोल." मग मामा बोलायचा. पत्र्याच्या कोंगावर, उलट्या बादलीवर बसून, स्पीकरकडे तोंड करून. प्रत्येक जागेला त्याचं वेगळं उत्तर होतं. काही उत्तरं त्याला बसवायला वर्षं लागली. शेवटच्या लांब गाण्यातलं उत्तर तर असं होतं की दोन हात कमी पडतील असं वाटायचं आणि तो कोपराने चामडं दाबून तिसरा आवाज काढायचा. आम्ही सगळी भाचरं ते ऐकत मोठी झालो. आम्हाला गाणं म्हणजे तेच माहीत.

प्रॅक्टिसच्या दिवशी मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. मामी म्हणाली, "माझ्या बहिणीच्या लग्नात बनियनवर आला होतास." मामा म्हणाला, "तिथे मला वाजवायला कुठे बोलावलं होतं?"

पोरांची खोली एका गॅरेजच्या वर होती. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी कोंगा वर चढवले, मामाने कुंकू लावल्यासारखं बोटाने चामडं तपासलं, आणि सुरू झाले. पहिल्या थोड्या ठोक्यातच पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. चांगलं हसू. ड्रमवाल्या उंच पोराने तर मान हलवून जीभच बाहेर काढली. मला वाटलं, झालं, जिंकलं.

मग पहिली जागा आली. मामा त्याच्या उत्तरात शिरला आणि चष्मिस गिटार घेऊन त्याच जागेत शिरला. एकाच दारातून दोन माणसं कपाट घेऊन शिरावीत तसं झालं.

चष्मिस थांबला. "काका, तिथे गिटार आहे."

"कुठे?"

"तिथे. रेकॉर्डवर."

"रेकॉर्डवर गिटार नाही," मामा म्हणाला.

उंच पोराला हसू आवरलं नाही. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने झांजच धरून ठेवली.

"काका," चष्मिस हळूच म्हणाला, "ही गिटारचीच रेकॉर्ड आहे. जगभर लोक गिटारसाठीच ऐकतात ती."

त्याने मोबाइलवर लावून दाखवलं. मामाने ऐकलं. कपाळाला आठ्या. "हे ते सलूनवालं आहे," तो म्हणाला. मग चष्मिसने विचारलं, घरी कशावर ऐकता, किती स्पीकर आहेत, आणि सगळं बाहेर आलं. मामाचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं ज्या माणसाशी आपण बोलतोय तो आपल्याशी बोलतच नव्हता, दुसऱ्याशीच बोलत होता, असं कळलं तर तुम्ही कुठे बघाल? मामा प्लास्टरवाल्या पोराच्या प्लास्टरकडे बघत बसला.

चष्मिस वाईट पोरगा नाही. पण तोंडावर बोलतो, ते मला नंतर आवडलं, तेव्हा नाही. म्हणाला, "तुमच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा ऐकलेला नाही. पण त्या जागा गिटारच्या आहेत. तुम्ही तिथे थांबलात तर आम्हाला तुम्हीच हवेत. नाही थांबलात तर नाही जमणार. रविवारपर्यंत सांगा."

"आणि मामाचं जे आहे त्याचं काय?" मी म्हटलं. "मोबाइलवर वाजवून काय दाखवतोस? तुझी गिटार तर कोणाचीतरी ऐकून केलेली नक्कल आहे. मामाचं त्याचं स्वतःचं आहे."

"गप गं," मामा म्हणाला.

घरी आल्यावर मामीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं अर्धंच ऐकत होतास. तरीच मी सांगते त्यातलंही अर्धंच ऐकतोस." मामा हसला नाही. जेवला नाही म्हणण्यापेक्षा, जेवताना बोलला नाही. आमच्याकडे ते जास्त गंभीर. त्याला स्टेजवर वाजवायचं होतं हो. साठीला आलेला माणूस, कोणीही त्याला कधी बोलावलं नव्हतं. तो सांगायचा मोठमोठं, पण वाजवलं फक्त बादलीवर बसून, घरच्यांसमोर. आता कोणीतरी दार उघडलं, तर आत जायची अट ही की स्वतःचं सगळं बाहेर ठेवून ये.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मामाच्या घरी गेले. मामाला न सांगता.

"स्पीकर पाहिजे," मी म्हटलं.

"का?"

"मामाला गिटार ऐकायचीये. तुमच्या स्पीकरात आहे."

"वाटण्या झाल्यात," मोठा मामा म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे ऐकता? कुंडी ठेवलीये वर."

"माझी वस्तू आहे. मी कुंडी ठेवेन नाहीतर पाय ठेवेन."

"मग ठेवा पाय," मी म्हटलं. "तुम्ही दोघं गेलात की आम्ही पोरं ते दोन्ही जोडूनच ऐकणार आहोत. तेव्हा तुम्ही नसाल, एवढाच फरक."

मोठी मामी आतून म्हणाली, "कसं बोलते बघा!" मोठ्या मामाने कुंडीतलं एक पिवळं पान तोडलं आणि खिडकीबाहेर टाकलं. मी तशीच निघाले. चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या सकाळी मामाकडे बेल वाजली. दारात मोठा मामा. लहान मुलाला उचलावं तसा स्पीकर छातीशी धरलेला, वर कुंडीचा गोल डाग.

"देत नाहीये," तो आत यायच्या आधीच म्हणाला. "ऐकवायला आणलाय. संपलं की घेऊन जाणार."

"आत तर ये, दादा," मामा म्हणाला.

पाणी झिरपून लाकूड फुगलं होतं. वायर मामाने जोडली, मी प्लेयर पुसला. आधी नुसती खरखर आली, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग स्पीकर बोलला. मामाला बसायचं कुठे तेच कळेना. इतकी वर्षं त्याची बादली उजव्या स्पीकरसमोर असायची. त्याने ती उचलली, डावीकडे नेली, परत आणली, शेवटी मधोमध ठेवली.

ढोल सुरू झाले. पहिली जागा आली. मामाचे हात सवयीने वर आले आणि डावीकडून गिटार आली. मोबाइलवरची नाही. खरी, लांब, ओढलेली, एखादा माणूस गर्दीत आपल्याच नावाने हाक मारतोय अशी. मामाचे हात हवेतच राहिले. मग ते मांड्यांखाली घालून तो त्यांवर बसला. शाळेत मास्तर आम्हाला बसवायचे तसा. पूर्ण रेकॉर्ड तो तसाच बसून होता. मोठा मामा पायाने ताल धरत होता, भलताच. मामा डोळे न उघडता म्हणाला, "दादा, पाय." मोठ्याने पाय थांबवला.

संपल्यावर मामीने चहा आणला तो कोणी घेतला नाही.

"परत लाव," मामा म्हणाला.

दुसऱ्यांदा संपल्यावर मी विचारलं, "कसा आहे डावीकडचा?"

"चांगला वाजवतो," मामा म्हणाला. "जरा जास्त बोलतो. पण चांगला वाजवतो." मग थोड्या वेळाने, "तो आधीपासून तिथे बसलेला होता गं. मी त्याच्याच खुर्चीत जाऊन बसलो आणि तीस वर्षं त्याला दिसूच दिलं नाही."

"म्हणजे तू सगळं सोडून देणार? ते शेवटच्या गाण्यातलंसुद्धा?"

"सोडून कुठे देतोय? माझ्याकडेच आहे ते. त्याच्या खुर्चीत बसून वाजवायचं नाही, एवढंच."

मला राग आला होता. आपला माणूस हरून वर शहाणपणाचं बोलतोय असं वाटलं. पण पुढच्या दिवसात मी बघितलं ते हरलेल्या माणसाचं काम नव्हतं. वर्कशॉपमध्ये तो डक्टवर बसायचा, ठोकत यायचा, आणि जागा आली की मोगरी उचलून थांबायचा. सगळी शेड एकदम गप्प. पहिल्यांदा झालं तेव्हा वेल्डर मास्क वर करून ओरडला, "काय झालं? लागलं का हाताला?"

"प्रॅक्टिस चालू आहे!" मामा ओरडला.

"कसली?"

"न वाजवायची!"

वेल्डर म्हणाला, "ती तर माझी बायको रोज घेते माझ्याकडून." पण मी मामाचा हात बघत होते. मोगरी वर धरलेली. कुत्र्यासमोर भाकरी ठेवून त्याला बस म्हणावं तसं तो स्वतःच्या हाताला बस म्हणत होता. आठवडाभरात हात बसायला शिकला. रविवारी त्याने चष्मिसला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. ये."

आणि मोठ्या मामाचा स्पीकर? मोठा मामा रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, रेकॉर्डची एक बाजू ऐकायचा, म्हणायचा, "उद्या नेतो." मामी म्हणायची, "कुंडी पण इकडेच आणून ठेवा, जाता-येता त्रास नको."

कार्यक्रमाला सभागृह भरलं. कॉलेजची पोरं, त्यांचे आईबाप, वर्कशॉपमधले सगळे धुतलेल्या कपड्यात, ओळखू येईनात. पुढच्या रांगेत एक सूटवाला माणूस बसला होता, हात छातीवर बांधून, तपासायला आल्यासारखा. तो चष्मिसचा बाप. मामी दुसऱ्या रांगेत. मोठा मामा सगळं घर घेऊन आला होता, पण भिंतीजवळ बसला, म्हणजे कोणाला वाटायला नको की खास आलाय. मी स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभी होते, कोंगाचं चामडं सैल पडलं तर ताणायला पाना हातात घेऊन.

मामाने वाजवलं. काय वाजवलं! पत्र्याच्या कोंगांचा आवाज त्या मोठ्या सभागृहात गेला आणि लोकांच्या खुर्च्यांखालून निघाला. आणि प्रत्येक जागेला तो थांबला. स्वच्छ. हात चामड्यापासून चार बोटं वर, गिटार संपेपर्यंत. लोकांना काय दिसलं असेल? काही नाही, ढोलवाला थांबला. मला दिसत होतं की तो किती वजन उचलून धरतोय. मीच दर वेळी श्वास धरून उभी राहायचे.

मग शेवटचं लांब गाणं. ढोल वर चढत गेले, चढत गेले आणि हलके झाले. प्लास्टरवाल्याच्या दुसऱ्या हातातला खुळखुळा तेवढा उरला. गिटारची जागा. मामाचे हात वर.

गिटार आली नाही.

चष्मिस लोकांकडे पाठ करून उभा होता. तोंड मामाकडे. हात तारांवर, पण वाजवत नव्हता. खुळखुळा चाललाय, सगळं सभागृह वाट बघतंय. मामाने त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि मग हात खाली आले.

मी ते वर्षानुवर्षं त्या छोट्या खोलीत ऐकलं होतं. पण असं नाही. आधी एकच बोट, चामड्याच्या कडेला, कोणीतरी दार वाजवतंय असं. मग दुसरा हात त्याला आत ये म्हणाला. मग दोघं बोलायला लागले, मग भांडायला, आणि भांडण अगदी टिपेला गेल्यावर ते कोपर. तो तिसरा आवाज, खालून वर ओढलेला. तो आला तेव्हा मागे कोणीतरी किंचाळलं. वेल्डर असणार. उंच पोरगा ड्रम वाजवता वाजवता तोंड उघडं टाकून बघत होता. पुढची जागा आली, तीही मामाची. तिसऱ्या जागेला मामाने चष्मिसकडे मान वळवली आणि गिटार आली, आणि मामाने हात उचलून तिला वाट दिली. शेवटी दोघं एकत्र सुटले ते मला सांगता येत नाही. शाळेत टिकले असते तर सांगितलं असतं कदाचित. तसंही नसतंच सांगता आलं.

लोक उभे राहिले. सूटवालाही उठला. मोठा मामा भिंतीजवळ शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होता, "माझा भाऊ आहे. धाकटा. स्पीकर आमचे दोघांचे आहेत." बाईला काय कळलं असेल!

त्या दिवसानंतर मामाने कोणाला सोडलं नाही. पत्रा देणाऱ्या ट्रकवाल्यापासून लिफ्टमधल्या माणसापर्यंत सगळ्यांना त्याने तो कार्यक्रम ऐकवला, ठोक्यांसकट. स्वतःचं कौतुक तर होतंच, त्यात तो कधी हात आखडत नाही. पण गोष्टीचा शेवट कायम चष्मिसवर. "पोराने काय केलं माहितीये? भर कार्यक्रमात स्वतःची जागा मला दिली. बाप समोर बसलेला असताना. एवढं मोठं मन या वयात? मला नसतं जमलं." इतक्या वेळा सांगितलं की चष्मिस आमच्या गल्लीत आला की लोक त्याला चहा पाजायचे, मन मोठं म्हणून. तो लाजायचा. मला वाटायचं, संस्कार.

पुढे तो वर्कशॉपमध्ये येतच राहिला. कधी मामाबरोबर वाजवायला, कधी नुसताच. एका दुपारी, कार्यक्रमाला वर्ष होऊन गेलं असेल, मामा साइटवर गेला होता आणि मी लांब पत्रा कापत होते. चष्मिसने दुसरं टोक धरलं होतं. मी सहज म्हटलं, "तू ती जागा दिलीस ना मामाला, ते मी विसरणार नाही. तुला कधी काही लागलं तर सांग."

त्याने पत्रा खाली ठेवला.

"मी दिली नव्हती," तो म्हणाला. "मी विसरलो होतो. पप्पा समोर बसले होते आणि माझं डोकं एकदम कोरं झालं. एक सूर आठवेना. चेहरा दिसू नये म्हणून पाठ फिरवली. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. दुसरी जागा पण त्यांनीच भरली, आणि वाजवता वाजवता ओठांनी मला मोजून दाखवत होते, आता ये, आता ये. तेव्हा मला आठवलं."

"मग मामा सगळीकडे सांगतो ते?"

"स्टेजवरून उतरताना माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले, तू मला जागा दिलीस. बाकी काही झालेलं नाही. मी काही बोलणार तर म्हणाले, मी ज्येष्ठ आहे, मी सांगतो तेच झालं."

माझा मामा शर्ट स्वस्तात मिळाला तरी सात घरं सांगत फिरणारा माणूस. मी घरी जाऊन मामीला आडून आडून विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.